मागं बघायचं काम

(जोतिबाच्या डोंगरावर, देवळाच्या पायऱ्यांच्या कडेला गुलाल-खोबऱ्याचं दुकान, मागे घर. दुकानदार आकाराम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. समोर उभा आहे तो जयसिंग, त्याच्याच गाडीचा ड्रायव्हर. मंगळवारची दुपार, गिऱ्हाईक तुरळक.)

जयसिंग: गुलालाचा हात मला लावू नगंस. मिठी मारायला न्हाय आलो मी.

आकाराम: अरे पर वरीसभरानं डोंगर चढून आलास मर्दा. निदान बूड तर टेक. आक्के, बघ कोण आलंय. आमचं पायलट. च्या ठेव.

जयसिंग: च्या नगं.

आकाराम: मग पाणी पी.

जयसिंग: पाणी बी नगं. सारखं जायला लागतंय. सारखं जायला लागतं म्हंजे काय, ते तुला म्हाईत हाय.

आकाराम: एवढंच व्हय? मग एक पाकीट घेऊन जा की. आपली विनाथांबा. मेडिकलातल्या जोतीरामनं परवाच आणून दिलीत.

जयसिंग: त्याच गोळीचं बोलायला आलोय. काढ भाईर. सगळी पाकिटं काढ.

आकाराम: आवाज कशाला चढवतोस? ओ पावणं, खोबरं तकडं फुडं बघा, हितं जरा घरचं चाललंय.

आक्काताई: कोण वरडतंय? अगं बाई, जयसिंग भावजी. किती वाळलाय. आन् तोंडावर ही सूज कशाची?

जयसिंग: इंजेक्शन चालू हाय, वैनी. तीन महिन्यातनं एकदा पोटाला मारत्यात.

आकाराम: शुगर धरली व्हय? तरी मी म्हणतोय, स्टँडवर जिलेबी बघितली की तुझा ब्रेक लागत न्हवता.

जयसिंग: कॅन्सर धरला. प्रोस्टेटचा. खुब्याच्या हाडात उतरलाय.

आकाराम: काय बोलतोस मर्दा.

जयसिंग: मराठीच बोलतोय.

आक्काताई: आत या भावजी. उनात उभं ऱ्हाऊ नका. आत या, बसा.

जयसिंग: वीस वर्षं ह्याच्या डब्यातलं खाल्लं, वैनी. तुमच्या हातची आमटी मला चवीनं वळखू येती. पर आत ये असं ह्या घरात मला कोण म्हणलं न्हाय. आज भाईरच बरा हाय.

आक्काताई: आज मी म्हणत्ये.

जयसिंग: आज मी भांडायला आलोय. भांडून झालं की बघू.

आकाराम: कवा कळलं हे?

जयसिंग: दिवाळीच्या आदी.

आकाराम: आन् आता सांगतोस? शिमगा झाला, चैताची यात्रा आली तोंडावर. एका गाडीवर आपण केस पिकवलं आन् मला पावण्यागत सगळ्यात शेवटी सांगतोस?

जयसिंग: तुझं थोबाड बघायची इच्छा न्हवती.

आकाराम: का? मी काय केलं?

जयसिंग: शिबिर आठवतंय? आपल्या निवृत्त लोकांचं. मोफत तपासणी, फुडं नाष्टा.

आकाराम: उप्पीट हुतं. बेचव.

जयसिंग: उप्पीट ध्यानात हाय. मग हे बी असंल. रगत घ्यायच्या आदी त्या पोरगेल्या डॉक्टरनं मला इचारलं, काका, कुठली गोळी चालू हाय का? मी तोंड उघडायच्या आत शेजारनं कोण बोललं?

आकाराम: तीन वर्षं झाली की त्याला. कुणाला आठवतंय.

जयसिंग: तुला आठवतंय. कान लाल झालं तुझं. चेकिंगवाला गाडीत चढला की असंच व्हायचं.

आकाराम: बीपीची तेवढी, म्हणलो मी. मग? बीपीची चालूच हुती तुला. खोटं काय बोललो?

जयसिंग: आन् विनाथांबा?

आकाराम: ती काय औषध हाय व्हय? आख्ख्या डेपोनं खाल्ली ती. प्याशिंजर भरल्याली गाडी, मुतायला कितींदा थांबवायची? लोकं शिव्या घालायची. तूच म्हणालास, आक्या, कायतरी कर, ठणका लागतोय. म्हणून मेडिकलातल्या जोतीरामाला इचारलं. त्यानं दिली, मी वाटली. समद्यांना गुण आला. तुला बी आला. रातीला एकदाच उठतोय म्हणून तू स्टँडवर मला मिसळ चारलीस, ते आता इसरलास.

जयसिंग: इसरलो न्हाय. गुण आला म्हणूनच आज उभा हाय तुझ्या दारात.

आक्काताई: भावजी, नीट सांगा. गोळीनं कॅन्सर झाला म्हणताय?

जयसिंग: न्हाय वैनी. गोळीनं केला न्हाय. गोळीनं झाकला.

आकाराम: गोळी कशी झाकंल? ती काय गोधडी हाय?

जयसिंग: ऐक आता. मधी पचकू नगंस. मुताच्या पिशवीखाली अक्रोडायेवढी गाठ असती, बाप्याला. जन्मापासनं. लघवीची नळी तिच्यातनं जाती. म्हातारपणी ती गाठ फुगती, नळी आवळती. ती नुसती फुगली म्हंजे कॅन्सर न्हवं. माझी फुगल्यालीच हुती, तुझी बी. कॅन्सर ही निराळी गोष्ट, तो तिच्यातच कुठंतरी कोपऱ्यात बसतो, दुखत न्हाय, खुपत न्हाय. तो कळावा म्हणून रगतातला एक आकडा बघत्यात. पीएसए. चारच्या आत असला की बरा म्हणत्यात.

आकाराम: तुझा आत हुता की. साडेतीनच्या आसपास. मीच वाचून दाखवला.

जयसिंग: तूच. आन् आपण दोघं जाऊन तांबडा-पांढरा वरपला, पास झाल्यागत. तुझ्या गोळीत दोन औषधं असत्यात. एक नळी सैल करतं. दुसरं गाठ आकसवतं. गाठ आकसली की रगतातला आकडा बी खाली येतो, निम्म्यावर. कॅन्सर असला तरी आकडा निम्माच दिसतो. डॉक्टरला म्हाईत असलं की हा गडी ही गोळी खातोय, तर तो आकडा दुप्पट धरून बघतो. कुणी सांगितलंच न्हाय तर? कंडक्टर हैस तू. हिशेब तुला बरा येतोय. कर दुप्पट.

आकाराम: सात.

जयसिंग: सात. ह्या खेपेला दवाखान्यातल्या डॉक्टरनं घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. पिशवी टेबलावर पालथी केली, बीपीची निघाली, अ‍ॅसिडिटीची निघाली, मग ही निघाली. म्हणला, ही कवापासनं? म्हटलं, सहा-सात वर्षं झाली. कुणी लिहून दिली? माझ्या तोंडात काय नाव येणार? कंडक्टरनं, म्हटलं. तो पोरगा हसला न्हाय. मला वाटलं हुतं हसंल. त्यानं पेन खाली ठेवलं.

आक्काताई: तवा कळलं असतं तर?

जयसिंग: तवा तो गाठीतच असावा, म्हणला. ऑपरेशन न्हाईतर मशीनच्या किरणांचा शेक, दोन्हीतलं एक करून कदाचित मोकळा झाला असता. कदाचित म्हणला, उगं खोटी आशा दिली न्हाय त्यानं. काई लोकांना तर कापत बी न्हाईत वैनी, कॅन्सर गरीब असला की नुसती नजर ठेवत्यात. माझा गरीब न्हवता. तीन वर्षं तो आत मोकाट हिंडला आन् मी विनाथांबा खाऊन ढाराढूर झोपलो.

आकाराम: म्हंजे सगळं माझ्या डोक्यावर. वा रं वा. तोंड तुझं न्हवतं व्हय? डॉक्टरनं तुला इचारल्यालं. तू का गप बसलास?

जयसिंग: बसलो.

आकाराम: मग? मी काय तुझ्या तोंडाला फडकं बांधलं हुतं? आन् जोतीरामनं चिठ्ठीबिगर दिल्याली गोळी ती. मेव्हण्याचं पोरगं. नाव फुटलं असतं तर त्याचं काम गेलं असतं. मी त्याचा इचार करू नगं?

जयसिंग: त्याचं काम वाचलं. बरं झालं.

आकाराम: असं वाकडं बोलू नगंस.

जयसिंग: सरळ कसं बोलू? पन्हाळ्याची गाडी आठव. पावसाळा, धुकं, वर वळवायला जागा न्हाय आन् मागं दरी. तू खाली उतरून शिट्टी मारायचास, येऊ दे, येऊ दे. मी आरशात बघायचो? सांग की.

आकाराम: न्हाय बघायचास.

जयसिंग: दुसरं ड्रायव्हर हसायचं मला. मी म्हणायचो, मागं बघायचं काम आकारामाचं. फुडचं माझं. तोंड माझं हुतं त्या दिवशी, कबूल. पर तू बोललास की मी बोलायचा न्हाय, ही सवय वीस वर्षांची हुती. तू शिट्टी मारलीस, मी गाडी सोडली. ह्या खेपेला मागं दरी हुती.

आक्काताई: बोला की आता. इतका वेळ तोंड चालत हुतं.

आकाराम: मग काय करू? पाया पडू त्याच्या?

जयसिंग: पाया नगं पडूस. आमच्यात कोण कुणाच्या पाया पडत न्हाय.

आकाराम: मग आलास कशाला? शिव्या द्यायला? दे. घाल पोटभर.

जयसिंग: खाली गाडी उभी हाय, पोराची. चल कोल्हापुरात. रगत द्यायचं.

आकाराम: कुणी?

जयसिंग: तू. शिबिरात त्याच टेबलावर, त्याच दिवशी तू बी बीपीची तेवढी म्हणालास. तुझा बी आकडा चारच्या आत. तू बी तीच खातोयस. कर तुझा दुप्पट.

आकाराम: माझं सोड. मला काय बी त्रास न्हाय. पायऱ्या चढतोय, नारळाची पोती उचलतोय. काल एका पावण्याला मी...

आक्काताई: रातीला चारदा उठताय.

आकाराम: तू गप गं.

आक्काताई: का गप? माझी झोप मोडती. आन् उठून बी थेंब थेंब. मोरीत उभं राहून कण्हताय, मला ऐकू येतंय. गोळ्यांचं पाकीट आदी म्हैनाभर जायचं, आता पंधरवड्यात सपतंय. मी इचारलं तर म्हणालासा उंदरानं नेलं.

जयसिंग: उंदराला बी रातीला उठायला लागत असंल.

आकाराम: दोघं मिळून लागलाय माझ्या पाठी. गोळी जास्त खाल्ली तर काय मरतो माणूस? आन् रगतच द्यायचं असलं तर देईन की यात्रा झाल्यावर. दवणा यायचा हाय, गुलालाची पोती यायच्यात. चैताची पुनव म्हंजे आमची दिवाळी. आता दुकान टाकून हिंडू व्हय?

जयसिंग: मी बी असंच म्हटलं. डावा खुबा दुखायला लागला तवा म्हटलं, क्लचचा पाय हाय. कुठल्या ड्रायव्हरचा दुखत न्हाय? समदी म्हणाली क्लचचा पाय हाय. तेल लावलं, शेकलं, हळद बांधली. आठ म्हैनं अंगावर काढलं. गाडी चालवून चालवून झालं असंल म्हणून मी कॅन्सर चोळत बसलो हुतो.

आकाराम: मला पाय दुखत न्हाय.

जयसिंग: म्हणूनच आज चल. दुखल्यावर येऊन काय उपेग?

आकाराम: आन् आकडा जास्त आला तर? लगीच कॅन्सर म्हणून शिक्का?

जयसिंग: न्हाय. लघवीत जंतू असलं तरी आकडा चढतो, नुसती गाठ मोठी असली तरी चढतो. म्हणून मग तपासत्यात. एमआरआय करत्यात. त्यात काय दिसलं तर सुईनं बारकं बारकं तुकडं काढून बघत्यात. तवाच पक्कं कळतं.

आकाराम: सुई. बघ, आली सुई. सुई लावली की पसरतो. समद्यांना म्हाईत हाय.

जयसिंग: मी बी इचारलं हे. डॉक्टर म्हणला, पसरायचा तो सुईबिगरच पसरतो, तुमचा पसरला तवा तुमाला कुणी सुई लावल्याली?

आकाराम: आन् मागनं बोट घालून बघत्यात म्हणं.

जयसिंग: बघत्यात. मिनिटाचं काम हाय.

आकाराम: मला न्हाय जमायचं. माणसाला इज्जत हाय का न्हाय?

आक्काताई: काय इज्जत घेऊन बसलाय? तीन बाळंतपणं झाली माझी सरकारी दवाखान्यात. दार सताड उघडं, शिकाऊ पोरं रांगेनं बघायला. तवा माझ्या इज्जतीचं तुमी कवा इचारलं न्हाय. भाईर तंबाखू मळत बसलाता.

जयसिंग: घे. तिकीट फाडलं वैनीनं.

आकाराम: हसू नगंस. तुला हसायचा अधिकार न्हाय. मी येणार न्हाय म्हणजे न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं की माणूस खचतो, खचला की मरतो. मी डोळ्यानं बघितलंय.

जयसिंग: कुणाला?

आकाराम: कुणाला न्हाय.

आक्काताई: सांगा की. का मी सांगू?

आकाराम: आक्के, ते काढायचं न्हाय.

आक्काताई: थोरलं भावजी. ह्यांचं सख्खं भाऊ. आमी गावात सांगितलं, झाडावरनं पडून खुबा मोडला. झाडावर कवा चढलं हुतं ते? अंथरुणावर कूस बदलताना मोडला. लघवी तुंबल्याली, नळी घातल्याली. डॉक्टरनं ह्यांना बाजूला घेऊन कायतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला आजवर सांगितलं न्हाय ह्यांनी.

जयसिंग: काय सांगितलं, आकाराम? मी इचारतोय.

आकाराम: हेच. तुला झालंय तेच. आन् म्हणला, तुमी बी तपासून घ्या, भावाला हाय म्हंजे तुमाला जोखीम जास्त. दादाला मी सांगितलं न्हाय. पर त्यानं माझं तोंड बघितलं आन् त्याला कळलं. तीन म्हैन्यात गेला. कळल्यामुळं गेला तो.

जयसिंग: कळून न्हाय गेला. उशिरा कळून गेला.

आकाराम: तुला काय म्हाईत. तू न्हवतास तितं. रातभर वरडायचा. मी कानात बोळं घालून पडवीत बसायचो. सख्खा भाऊ माझा, आन् मी बोळं घालून बसायचो. मला ते नगं. माझ्यात असलं तर असू दे, मला सांगू नगा. भ्या वाटतंय मला. झालं? ऐकायचं हुतं ते ऐकलंस? लई भ्या वाटतंय.

आक्काताई: आन् आपला विजयसिंह?

आकाराम: त्याचं काय मधीच?

आक्काताई: चुलत्याला झालं. बापाला असलं तर पोराला कोण सांगणार? का त्याच्या बी कानात बोळं घालायचं?

जयसिंग: मी माझ्या प्रसेनजीतला सांगितलं. बापाला हाय, आता तू पंचेचाळिशीच्या आतच तपासायला लाग. तोंडावर सांगितलं. त्यानं मान खाली घातली. पोरालाच लाज वाटत हुती, मला न्हाय. माझी लाज दवाखान्याच्या टेबलावर संपली.

आकाराम: तुला आता काय करत्यात? इंजेक्शन एवढंच?

जयसिंग: इंजेक्शन आन् गोळ्या. बाप्याच्या अंगात पुरुषपणाचा रस असतो, त्यावर हा कॅन्सर पोसतो. तो रस बंद करत्यात. इंजेक्शन नगं असलं तर खालचं काढून टाकायचं बारकं ऑपरेशन. मी म्हटलं, इंजेक्शनच मारा, तेवढं तरी अंगावर ऱ्हाऊ दे.

आकाराम: त्रास काय व्हतो?

जयसिंग: व्हतो की. अंग पेटतं, दिवसातनं कैकदा. वैनींना कळंल मी काय म्हणतोय ते. थंडीत पंखा लावून बसतो. दंडातली ताकद गेली. आन् रडू येतं. कशाबी रडू येतं. परवा कुठल्या तालमीच्या फुटबॉल टीमनं म्याच जिंकली आन् मी रडलो. मला फुटबॉलातलं काय कळत बी न्हाय.

आकाराम: तू रडलास?

जयसिंग: हसतोस?

आकाराम: न्हाय हसत. तुला रडताना बघितलं न्हाय कवा, म्हणून इचारलं. असलं जगून काय करायचं पर?

जयसिंग: नातीला शाळंत सोडतो. सकाळी तिची येणी घालायला शिकलोय. वाकडी व्हती, ती चिडती. बरा न्हाय होणार, पर वर्षं मिळतील म्हणला डॉक्टर. किती, ते तो सांगत न्हाय आन् मी इचारत न्हाय. मला ती वर्षं पायजेत. एकाच कारणानं राग येतो, आकाराम. जास्त मिळाली असती.

आक्काताई: भावजी, पाणी आणत्ये. घ्या आता. लागलं तर जावा की आमच्या मोरीत, त्यात काय.

जयसिंग: आणा.

आकाराम: एक इचारू?

जयसिंग: इचार.

आकाराम: दिवाळीला कळलं तुला. गोळीचं बी तवाच कळलं. मग माझा आकडा बी खोटा असणार, हे तुला तवाच सुचलं असंल.

जयसिंग: त्याच दिवशी सुचलं. दवाखान्याच्या जिन्यातच.

आकाराम: मग आज का आलास? मधी इतकं म्हैनं गेलं.

जयसिंग: ठरवलं हुतं, येणार न्हाय. त्याला बी कळू दे, म्हटलं. त्याला बी खुब्यात दुखू दे, मग बघू कसा बीपीची तेवढी म्हणतो. दिवाळीपासनं रोज रातीला उठलो की हेच म्हणायचो. रातीला लई वेळा उठतो मी.

आक्काताई: देवा.

जयसिंग: देवाचा काय संबंध न्हाय, वैनी. माझ्या मनातलं हुतं ते.

आकाराम: मग काय झालं? राग गेला?

जयसिंग: न्हाय. अजून हाय. पर राग धरायला बी माणूस समोर पायजे. तू गेलास तर हा राग मी कुणावर काढू? त्या पोरगेल्या डॉक्टरवर?

आकाराम: माफ बी करणार न्हाईस?

जयसिंग: आज न्हाय. आज रगत दे.

आकाराम: मी गाडीत तुझ्याशी बोलणार न्हाय. सांगून ठेवतो.

जयसिंग: तुझी बडबड नगंच हाय मला. आन् ती पाकिटं घे संगं. टेबलावर ठेवायची सगळी. कुणी दिली म्हणून इचारलं तर खरं सांगायचं.

आकाराम: जोतीरामाचं काय?

जयसिंग: जोतीरामाला आपण दोघं भेटू. अजून कितीजणांना देतोय ते पोरगं? त्या समद्यांना सांगायला पायजे. गोळी वाईट न्हाय, डॉक्टरनं लिहून दिली आन् समद्यांना ठाऊक असली तर. चोरून खाल्ली की संपलं. आख्खा डेपो खातोय म्हणालास मघाशी. तो आख्खा डेपो पास झालाय शिबिरात.

आकाराम: यशवंता बी. आन् तो सांगलीचा लंगडा.

जयसिंग: व्हय. पयलं तू.

आक्काताई: फळ्या लावत्ये मी. गिऱ्हाईक उद्या यील.

आकाराम: तू कुठं निघालीस?

आक्काताई: संगं. तुमी दवाखान्याच्या दारातनं परत फिरणार हायसा. इतकी वर्षं वळखत्ये.

जयसिंग: (खाली, गाडीपाशी) बसा वैनी, मागं बसा. पदर आत घ्या, दार लावतो. ए, तू फुडं बस.

आकाराम: मी मागंच बसणार. आन् कुलपाचं बघितलंस का आक्के?

आक्काताई: बघितलं. बसा आता.

आकाराम: गाडी कशी लावलीयास ही? मागं त्या नारळाच्या गाड्याला चिकटून, कडंला गटार. निघणार कशी? उतरतो मी. मागं बघतो.

आक्काताई: उतरला बघा. आता पळून जातील, भावजी.

जयसिंग: जाऊ दे. जाऊन जाऊन जाईल कुठं, ह्या डोंगरावनं खाली एकच रस्ता हाय.

आकाराम: हं, घे मागं. येऊ दे. येऊ दे. थोडं उजवीकडं. येऊ दे, येऊ दे, हाय जागा.

आक्काताई: आरशात कशाला बघताय, भावजी? ते सांगत्यात की.

जयसिंग: ऐकतोय की त्याचं. पर आता आरशात बी बघतो.